डोंगराखालचा वाटा

गेले आठ महिने नीना एका मेलेल्या शेतकऱ्याच्या मागे लागली होती. त्याचं नाव वॉल्टर. माणूस जाऊन तीस वर्षं झाली होती, पण जाताना तो जे काही मागे ठेवून गेला त्याने नीनाची झोप उडाली होती.

या देशात जमिनीचा मालक एक आणि तिच्या पोटातल्या दगडाचा मालक भलताच असू शकतो, हे नीनाला इथे पन्नास वर्षं काढूनही ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची वेळ आणली ती एका खाण कंपनीने. लीड्सपासून तासाभरावर, जिथे तिची आई एकटी राहायची, तिथे घराच्या परसापासूनच डोंगर सुरू होत होता. तो फोडून कंपनीला दगड काढायचा होता. वरच्या कुरणाचा मालक केव्हाच राजी झाला. खालच्या दगडाचा मालक मात्र कंपनीला सापडेना, म्हणून काम अडलं होतं.

तो मालक कोण, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नीनाचे बाबा, डॉक्टर शशिधर, गावातले जीपी. वॉल्टर त्यांचा पेशंट. त्याने मृत्युपत्रात डोंगराखालचा दगड डॉक्टरांना देऊन टाकला होता, आणि बाबा पाहुण्यांना खिडकीपाशी नेऊन सांगायचे, "डोंगर खालून आपला आहे." सगळे हसायचे. कागद कुठे आहे, हे कोणी विचारलं नाही.

बाबांनी आपल्या मृत्युपत्रात राहतं घर आईला ठेवलं होतं आणि बाकी सगळं नीना आणि तिचा धाकटा भाऊ जयंत यांना निम्मंनिम्मं. म्हणजे निम्मा दगड नीनाचा. तिने एकटीने नाही म्हटलं तरी खाण होणार नव्हती. आशाबाई, तिची आई, त्र्याऐंशी वर्षांची होती आणि तिला ते घर सोडायचं नव्हतं. परसात सुरुंग उडायला लागल्यावर ती तिथे कशी राहणार होती?

पण नकार द्यायला आधी मालकीचा कागद हातात हवा होता. मग सुरू झाले हेलपाटे. जमीन नोंदणीवाले म्हणाले, खनिजांची नोंद आमच्याकडे नाही, जुन्या दप्तरात बघा. दप्तरवाले म्हणाले, वॉल्टरच्या वकिलाकडे बघा. वकील वारलेला, त्याची कचेरी दुसऱ्या कचेरीने घेतलेली, दुसरी तिसरीने. प्रत्येक ठिकाणी आधी फोनवर वीस मिनिटं पियानो, मग एक अतिशय नम्र बाई, आणि मग तिचं ते अतिशय नम्र "नाही". एक फॉर्म तर तारीख चुकीच्या चौकटीत पडली म्हणून सहा आठवड्यांनी परत आला. नीना हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर चौकटीच भरायची. तिला तो फॉर्म चावून खावासा वाटला.

रीडिंग शहरात राहणाऱ्या जयंतचा आधार एवढाच होता, "ताई, तू बघ ना. मला इथे सॉफ्टवेअरचं रिलीज चालू आहे."

शेवटी फेब्रुवारीत तिसऱ्या कचेरीच्या गोदामातून कागद निघाला. वॉल्टरची सही, बाबांचं पूर्ण नाव, सगळं चोख. नीनाला इतका आनंद झाला की तिने त्याच दिवशी एक प्रत आपल्या सॉलिसिटरला पाठवली आणि एक कंपनीला. सोबत चार ओळी: मालक आम्ही आहोत, आणि आमचा नकार आहे.

आठवड्याने सॉलिसिटरने बोलावलं. त्या बाईने टेबलावर बाबांच्या मालमत्तेच्या फायलीतला दुसराच एक कागद ठेवला.

"वॉल्टरकडून तुमच्या वडिलांकडे, इथपर्यंत ठीक," ती म्हणाली. "पण तुमचा अर्धा वाटा तुम्ही चार वर्षांपूर्वी भावाला दिलाय. ही तुमचीच सही ना?"

सही नीनाचीच होती, आणि तारीख भाऊबीजेची.

बाबा गेल्यानंतरची पहिली भाऊबीज. कागद जयंतने आणला होता, पण करवून घेतला होता आईने. "आपल्याकडे मुली हक्क सोडतात गं, त्याने माहेर राहतं." नीनाला वाटलं, पुण्याचा फ्लॅट असेल, जुनी गाडी असेल. ती वाचायला लागली तर आई म्हणाली, "भावाच्या कागदात काय वाचत बसतेस? निरांजन विझेल." नीनाने सही केली आणि ओवाळलं.

गाडीत बसून तिने जयंतला फोन लावला. कंपनीने त्याला आधीच गाठलं होतं.

"तू शोधून काढलं नसतंस तर अख्खा दगड माझाच आहे हे मला कळलंही नसतं, ताई. दे आर बीइंग व्हेरी डीसेंट. आणि आईने एकटीने तिथे किती दिवस राहायचं? रीडिंगला येऊ दे तिला. मी थर्सडेला साइन करतोय."

आठ महिने कंपनी ज्याला शोधत होती, तो मालक नीनाने आपल्या हाताने, टपालखर्च भरून, कंपनीच्याच दारात नेऊन उभा केला होता. तिला स्वतःचा एवढा राग कधीच आला नव्हता.

ती तशीच आईकडे गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्याने काहीतरी विचार केला असेल," ती म्हणाली.

"तुला इथे राहायचंय ना?"

"राहायचंय तर."

"मग सांग त्याला तसं."

"मी काय सांगू? त्याचं आहे ते."

"ते माझं होतं, आई. तू द्यायला लावलंस."

नीनाने फोन काढला, स्पीकर चालू केला आणि आयुष्यात पहिल्यांदा भावाकडे काहीतरी मागितलं.

"जयंत, मला माझा अर्धा वाटा परत हवाय. आईला इथून हलायचं नाहीये."

जयंतने लगेच विचारलं,

"हे आई म्हणतेय, का तू?"

नीनाने फोन टेबलावरून आईपुढे सरकवला.

आईने तो जवळ ओढला. घसा साफ केला. एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा नीनाकडे.

"जयंता," ती म्हणाली, "जेवलास का रे?"