डोळे मिटून ऐकलेलं इंजिन

गाडीचं दुखणं कानाने ओळखणारा माणूस म्हणून त्यांना सगळे कानवाले मिस्त्री म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते नाव फार आवडे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटांत निदान सांगायचं, ही त्यांची पद्धत. मध्ये कुणी बोललं तर ते खेकसत. गिऱ्हाइकाने बॉनेटला हात लावणं तर त्यांच्या गॅरेजात पापच होतं.

अशा माणसाला सिस्टरांच्या जुन्या गाडीने पार जेरीस आणलं होतं.

सिस्टर म्हणजे घाटापलीकडच्या वस्त्यांवर जाऊन बाळंतपणं करणाऱ्या नर्स. गाडी बावीस वर्षांची. सपाटीला शहाण्यासारखी चाले, पण घाट चढायला लागली की तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा लाल पट्टीत शिरायचा आणि बॉनेटमधून वाफ निघायची. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला, रेडिएटर उतरवून साफ केला. गॅरेजात तासभर चालू ठेवली तर काटा मांडीवरच्या मांजरासारखा गप्प. घाटात गेली की ये रे माझ्या मागल्या.

त्या सकाळी मिस्त्रींनी हात टेकले. "सिस्टर, आता इंजिनाचं हेड उघडावं लागणार. या मॉडेलचे पार्ट यायला दोन महिने तरी जातील."

"दोन महिने?" सिस्टर म्हणाल्या. "पलीकडे या महिन्यात चार बायका दिवस भरत आलेल्या आहेत. बस जाते आठवड्यातून दोनदा. पोरं काय वेळापत्रक बघून जन्माला येतात?"

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

"त्यांना निरोप धाडायचा, दुसरी सोय बघा म्हणून. पण सोय आहे कुठे?" सिस्टरांनी बाह्या वर सारल्या. "त्याआधी मला एकदा बघू द्या. तुम्ही गाडीत बसून इंजिन चालू करा."

"तुम्ही काय बघणार?"

"मला आवाजातलं कळत नाही. पण पोटातलं बाळ आडवं आहे की सरळ, ते मी हातानेच ओळखते."

दुसरं कुणी असतं तर मिस्त्रींनी बाहेरची वाट दाखवली असती. आज बोलायला तोंड नव्हतं. ते निमूट स्टीअरिंगमागे जाऊन बसले. "पंख्यापासून हात लांब ठेवा," एवढंच म्हणाले.

इंजिन तापलं. सिस्टरांनी हातावर जाड फडकं घेतलं आणि एकेक पाइप हलक्या हाताने चाचपायला सुरुवात केली. आधी वरचा. मग रेडिएटरच्या तळातून इंजिनाकडे पाणी नेणारा खालचा.

"आता पाय दाबा. घाटात दाबतात तसा. सोडू नका."

इंजिन गरजलं. थोड्या वेळाने सिस्टर म्हणाल्या, "मिस्त्री, हा पाइप माझ्या हातात बारीक होतोय."

दोघांनी जागा बदलल्या. सवयीने मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर उचलला, मग काय वाटलं कोण जाणे, खाली ठेवला आणि वाकून नुसतं पाहत राहिले.

मनगटाएवढा जाड पाइप हळूहळू आत ओढला जात होता. त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या आणि पाण्याची वाट बंद झाली. पाइपचा आवाज म्हणाल तर शून्य. सिस्टरांनी पाय उचलला तसा पाइप पुन्हा गोल झाला, जसं काही घडलंच नव्हतं. मिस्त्रींनी सिस्टरांना तीनदा पाय दाबायला लावला आणि तिन्ही वेळा ते तितकेच थक्क झाले. रेस देऊन तपासताना हे सगळं त्यांच्या नाकासमोर चाललं होतं, आणि प्रत्येक वेळी ते डोळे मिटून ऐकत उभे होते. आपण किती कमी जाणतो, या विचाराने त्यांना लाज वाटायला हवी होती. वाटला तो आनंदच.

पण तो फार टिकला नाही. या पाइपच्या पोटात तारेची स्प्रिंग असते. पंप जोरात पाणी ओढायला लागला की तीच पाइपला चेपू देत नाही. वर्षापूर्वी त्यांनी स्वतः पाइप बदलला होता. जुनी स्प्रिंग गंजलेली निघाली, आणि हे गंजकं लोढणं हवंय कशाला, म्हणून त्यांनीच ती भंगारात टाकली होती. नवा पाइप कडक होता तोवर निभावलं. तो मऊ पडला आणि गाडी तापायला लागली.

पाइप खराब निघाला, एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं. वाक्य अगदी ओठांवर आलंही होतं.

"सिस्टर, यातली स्प्रिंग मीच फेकली होती," ते म्हणाले. "माझाच शहाणपणा नडला."

सिस्टरांनी फडक्याची घडी घातली. "मागच्या महिन्यात मी घाटात दोन तास अडकले होते. शेवटच्या वस्तीवरच्या मुलीला कळा सुरू झाल्या होत्या. बाळ माझ्याशिवाय आलं."

मिस्त्रींनी विचारलं, "मग?"

"सासूनं निभावलं. मायलेकी दोघी सुखरूप आहेत. पण ते त्यांचं नशीब, मिस्त्री."

मिस्त्रींनी पोलादी तार घेतली, सळईभोवती वेढे देत स्प्रिंग वळली, नव्या पाइपात बसवली, पाणी भरलं, आणि दुपारी दोघं घाटाला लागले. तिसरं वळण आलं, गेलं. काटा मध्यावर. माथा आला तरी काटा मध्यावरच.

"आता फिरवा गाडी," मिस्त्री म्हणाले.

"आलेच आहे तर त्या बाळाचं वजन करून जाते," म्हणत सिस्टरांनी गाडी पलीकडे उतरवली.

शेवटच्या वस्तीवर, घराच्या दारात ती मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. "हे कोण?" तिने विचारलं.

"हे माझी गाडी बघतात," सिस्टर म्हणाल्या आणि वजनकाटा काढायला वळल्या. पुढे त्या काही बोलणार नव्हत्या, हे मिस्त्रींना कळलं. झाकली मूठ झाकलेलीच राहणार होती.

मिस्त्रींनी बाळाकडे पाहिलं. एवढ्याशा नाकपुड्या, आणि श्वास कसा आपापला चाललेला. कितीतरी वेळ त्यांना नजर हलवता येईना.

"त्या दिवशी सिस्टर पोचल्या नाहीत, त्या माझ्यामुळे," ते म्हणाले. "गाडीत चूक मी करून ठेवली होती."

मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिची नजर त्यांच्या काळ्या, तेलकट हातांवर गेली.

"मागे हौद आहे," ती म्हणाली. "हात धुऊन या. मग घ्या हिला."