बिनकुंपणाचे तळे

“कुंपण घाला, एवढंच म्हणतोय मी,” व्यवस्थापक म्हणाले. “कमरेएवढं. बाकी तुमच्या तळ्याला मी हात लावत नाही.”

“कुंपण घातलं की ते तळं राहत नाही, साहेब. धोक्याची पाटी होते,” ठकी म्हणाली.

वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात टेबलावर बागेचा नकाशा पसरला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर चहाचा कप आणि दुसऱ्यावर व्यवस्थापकांचा मोबाइल ठेवला होता. ही बाग ठकीने आखली होती. बागा, मैदाने, नदीकाठ असल्या मोकळ्या जागा आखणे हाच तिचा व्यवसाय. पन्नाशी उलटली होती, केस निम्मे पिकले होते, ऑफिसात सगळे तिला मॅडम म्हणत आणि जरा टरकूनच असत. तिला ठकी म्हणणारा माणूस जगात एकच उरला होता. तो याच इमारतीत, तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहत होता, आणि गेले काही महिने त्यालाही ते नाव सापडत नव्हते.

इथली बहुतेक मंडळी अशीच, आठवणींच्या पार पलीकडे गेलेली. वडिलांची, अण्णांची, आठवण सुटायला लागली तेव्हा ठकीने दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही. निदान बाग तरी आपल्या हातची असेल, एवढाच विचार तिने केला.

आठवड्यातून एकदा ती कॉलेजात शिकवायला जाई. तिथे तिचे एक पालुपद होते: आधी जागेला विचारा, मग पुस्तकाला. मुले तिच्या माघारी खड्ड्यापुढे हात जोडून “बाईसाहेब, आपल्याला काय हवंय?” अशी नक्कल करत, आणि ते तिला पक्के ठाऊक होते. पण या जागेला तिने खरोखरच विचारले होते. छत्री घेऊन ती इथे तासन्‌तास उभी राहिली होती. इमारतीमागची जमीन हळूहळू उतरत जाई आणि अगदी खाली पाणी साचे. भराव टाका, वर हिरवळ लावा, असे सगळ्यांनी सांगितले. पाण्याला इथेच बसायचे असेल तर बसू दे, असे म्हणून तिने तिथे उथळ तळे केले. कडेने लव्हाळी लावली. काठ इतका सौम्य ठेवला की चुकून आत गेलेला माणूस चालता चालता पलीकडे बाहेर यावा. पुस्तकाचेही तिने ऐकले होते. आठवण गेलेल्या माणसाला बंद वाट लागली की तो घाबरतो, म्हणून बागेतली वाट गोल फिरवून पुन्हा व्हरांड्यात आणली होती.

“तो उतार तुम्हाला कळतो,” व्यवस्थापक म्हणाले. “माझ्या माणसांना स्वतःचा ब्रश कुठला ते कळत नाही.”

“पायांना कळतो. डोकं विसरलं तरी पाय विसरत नाहीत.”

“हे छातीठोकपणे सांगता?”

“सांगते.”

तेवढ्यात सिस्टर दारात आल्या. हातात औषधांचा ट्रे होता. त्यांनी टेबलाकडे पाहिले, मग रिकाम्या खुर्चीकडे.

“अण्णा तुमच्याबरोबर नाहीत?”

ठकी झटकन वळली. सिस्टरांचा चेहरा उतरला. “खोलीत नाहीत हो. मला वाटलं, लेक आलीय म्हणजे इकडेच बसले असतील.”

व्यवस्थापकांनी गेटवर फोन लावायला मोबाइल उचलला. नकाशा आपोआप गुंडाळला गेला आणि कप त्यावर लवंडला. कोणी तिकडे बघितले नाही.

गेटकडे ते गेले नसणार, हे ठकीला माहीत होते. गेटला भिंतीचाच रंग द्यायला तिनेच सांगितले होते. नजर तिथे अडकत नसे. वाटेवर असते तर फिरून इथेच आले असते. ती वळणापर्यंत धावली. वाट रिकामी होती. म्हणजे अण्णांनी वाट सोडली होती. त्यांचे गुडघे दुखत, चढावर ते जाणार नव्हते. जमीन नेईल तिकडे जाणार होते. आणि ही जमीन कुठे नेते हे तिच्याइतके कोणाला माहीत असणार?

हिरवळीवरून धावताना तिला दोनदा ठेच लागली. काठ दिसला आणि तिचे पाय थबकले.

काठाशी अण्णांचे बूट होते. शेजारी शेजारी नीट लावून ठेवलेले, मोजे आत खोचलेले. पुढची लव्हाळी आडवी झाली होती. पाण्यावर शेवाळाची साय धरली होती, ती मधोमध फाटली होती.

“अण्णा!”

ठकी चपलांसकट आत शिरली. आत्ताच ज्या उताराबद्दल छातीठोकपणे बोलून आली होती, त्याच्यावर आता तिचा काडीइतकाही विश्वास नव्हता. गुडघाभर पाण्यात वाकून ती दोन्ही हातांनी तळ चाचपू लागली. चिखल लागला. मुळे लागली. मग काहीतरी गार, बुळबुळीत, मनगटाएवढे हाताला आले. तिने डोळे मिटून ते ओढले. फांदी होती. ती टाकून तिने पुन्हा हात घातले. मागून धापा टाकत व्यवस्थापक आले आणि बुटांसकट तेही आत उतरले. कुंपणाचा शब्दही त्यांनी काढला नाही. ते दुसऱ्या बाजूने शोधू लागले.

“ठके, भिजलीस की सगळी.”

आवाज पलीकडच्या काठावरून आला होता. झाडाखाली, लव्हाळीच्या आड अण्णा बसले होते. पँट गुडघ्यांच्या वर दुमडलेली, दोन घट्ट घड्या, आणि कापडाला पाण्याचा टिपूसही नाही. पाय चिखलाने माखले होते. रुमालाने ते एकेक बोट सावकाश पुसत होते.

अण्णा जन्मभर टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तार तुटली की ओढे, खाचरे तुडवत जायचे. पाण्यात उतरायचे तर आधी बूट काढायचे, मोजे आत खोचायचे, पँटला दोन घड्या घालायच्या, हे त्यांनी ठकीला लहानपणीच शिकवले होते. ओल्या कपड्यांनी घरी गेले की दोघांनाही आईची बोलणी बसत.

“तुझी आई आता सोडते होय तुला,” अण्णा म्हणाले.

आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. ठकी तिथेच, पाण्यात उभी राहून रडली. भीती गेली म्हणून रडली आणि नावाने हाक आली म्हणूनही रडली. व्यवस्थापक दुसरीकडे तोंड करून बुटातले पाणी काढत राहिले.

पुन्हा व्हरांड्यात आल्यावर व्यवस्थापक ओरडले असते तर ठकीला बरे वाटले असते. ते नुसते टॉवेल घेऊन बसले.

“मॅडम म्हणाल्या तसंच झालं की,” सिस्टर म्हणाल्या. “अण्णा आत गेले आणि आपले आपण बाहेर आले.”

“हो, तसंच झालं,” ठकी म्हणाली. “साहेब, तळं भरून टाकू.”

“अहो, मी कुंपण म्हणत होतो. भरा असं कुठं म्हटलं?”

“कुंपणापलीकडे पाणी दिसलं की अण्णा कुंपणावर चढतील. त्यांना वाटेल, तिकडची लाइन तुटलीय. ठेवायचं तर उघडं, नाहीतर ठेवायचंच नाही.”

“मग ठेवा उघडं. आज मी डोळ्यांनी बघितलं. तुमचा उतार बरोबर आहे.”

सकाळपासून हेच ऐकायला ती भांडत होती. तिने आपल्या हातांकडे पाहिले. नखांत चिखल तसाच होता.

“उतार बरोबरच आहे,” ती म्हणाली. “पण मी पाण्यात हात घालून बाप शोधला आज. दुसऱ्या कुणाच्या लेकीवर ती पाळी आणायची माझी छाती नाही. चुकलेलं नसताना मोडतेय, मला कळतंय. तरी भरा.”

व्यवस्थापकांनी बराच वेळ टॉवेलची घडी केली.

भराव आला. खाली पाइप टाकून पाणी बाहेर काढून दिले, वर हिरवळ लावली. तो नकाशाही ठकीनेच काढला, आणि नेहमीसारखाच नीटनेटका काढला. कॉलेजातले पालुपद तिने सोडले नाही. फक्त ते म्हणताना आता ती मुलांकडे न बघता फळ्याकडे बघे.

हिरवळ पुरती धरल्यावर एका संध्याकाळी ती अण्णांना घेऊन बागेत गेली. वाट सोडून ते उताराने खाली निघाले, तिने अडवले नाही. पूर्वी काठ होता तिथे येऊन ते थांबले. खाली बसले, बूट काढले, मोजे आत खोचले, पँटला एक घडी घातली, मग दुसरी. मग मान वर करून तिच्याकडे पाहिले.

“बाई, तुम्ही नवीन दिसता,” ते अदबीने म्हणाले. “पँट वर करून घ्या. मधे गुडघाभर आहे.”

ती त्यांच्याशेजारी बसली. चपला काढल्या, पँटला दोन घड्या घातल्या. अण्णांनी वाकून त्या घट्ट आहेत ना ते बघितले आणि आपला हात पुढे केला.

“जपून. तळ निसरडा आहे.”

हिरवळीवरून ते दोघे सावकाश पलीकडे गेले, एकेक पाऊल चाचपत. झाडाखाली टेकल्यावर अण्णांनी खिशातून रुमाल काढला. आधी तिला दिला. तिने आपले कोरडे पाय नीट पुसले, एकेक बोट, आणि रुमाल त्यांना परत दिला.