पाणी सोडलं

काकाने मूठभर खाद्य तळ्यात टाकलं आणि बोटाएवढी पिल्लं वर येईपर्यंत तो वाकून पाहत राहिला. पुतणीने दप्तरासकट सायकल बांधावर आडवी टाकली.

"शाळा सुटली की पळालीस?"

"सुटली. पळायचं असतं तर गणिताच्या तासाआधी पळाले नसते का?"

काका हसला. मग वरच्या शेताकडे न बघताच म्हणाला, "आणि तुझे पूज्य पिताश्री काय म्हणतात?"

दोघा भावांचं बोलणं गेल्या पावसापासून बंद होतं. तेव्हा बाबांनी कोबीला युरिया टाकला होता आणि लगेच शेतात साचलेलं पाणी जमिनीखालच्या पाइपांतून ओढ्यात काढून दिलं होतं. ओढा येतो काकाच्या तळ्यात. तळं हिरवंगार झालं, मासे पोटं वर करून तरंगले. ही पिल्लं त्यानंतरची पहिलीच.

"काय म्हणणार? तोंड पाडून बसलेत. काल खत टाकलं आणि रात्रभर पाऊस. खालच्या वाफ्यावर पाणी सोडलं त्यांनी."

खाद्याचा डबा तिथंच उपडा झाला. काका अनवाणीच ओढ्याच्या काठाने धावत सुटला.

"काका, अरे ऐक तरी!"

आपण काय बोलून बसलो ते तिला अर्ध्या वाटेत कळलं. तिने जीभ चावली आणि ती आणखी जोरात पळाली.

पाइप जिथे ओढ्याला मिळतात तिथे सिमेंटची चौकोनी टाकी होती. काकाने झाकण सरकवलं. आत नव्याकोऱ्या फळ्या एकावर एक, खाचेत घट्ट बसलेल्या. त्यांच्या पलीकडे पाणी काठोकाठ, ओढ्याच्या बाजूला थेंब नाही. तरीही त्याने हात घालून एकेक फट चाचपली.

"या कधी बसवल्या?"

"खत टाकायच्या आधी." तिला धाप लागली होती. "पाणी अडलं की खत ओढ्यात जात नाही म्हणे. पण पाऊस फारच झाला. मी म्हटलं, एक फळी काढू या, तर माझ्यावरच डाफरले. पाणी सोडलं म्हणजे... तो वाफा गेला, असं धरलंय त्यांनी."

काकाने मान वर केली. खालचा वाफा बुडाला होता, कोबीचे नुसते माथे दिसत होते. बांधावर बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांनी या दोघांना पाहिलं, पण ते उठले नाहीत.

वाफ्याला लागूनच काकाची पडीक जागा होती, गवताने भरलेली. काकाची नजर तिकडे गेली.

"तुझ्या बाबांना विचार," तो म्हणाला. बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "बांध फोडून पाणी माझ्या गवतात घेतलं तर चालेल का. तिथं जिरेल. गवताला काय, खत मिळालं तर नाचेलच."

"बाबा, काका विचारतोय..."

"ऐकलं मी." बाबांनी घसा खाकरला. "त्याला म्हणावं, गवत माजल्यावर कापायचं कोणी?"

ती काकाकडे वळली. काकाने तोंड उघडायच्या आतच ती पुन्हा बाबांकडे वळली.

"तो म्हणतो, दोघांनी."

काकाने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग तो चिखलात उतरला आणि बांध कुठे कच्चा आहे ते पायाने दाबून बघू लागला.

बाबा फावडं घ्यायला उठले.