मोटार अडवणारा धनी

रत्नागिरीला निघालेली आत्मारामची मोटार सड्यावरच्या उघड्या माळावर पुन्हा बंद पडली, तशी गवत कापणारी माणसं विळे टाकून धावत आली. गाडीत कोण कण्हतंय हे बघायला नव्हे. केरू भगत मोटारीवरचं वारं कसं उतरवतो ते बघायला.

दसऱ्याला केरूनं या मोटारीची पूजा केली आणि तेव्हापासूनच तिला ही खोड लागली. एखाद्या दिवशी सुरळीत जाई, एखाद्या दिवशी पाचसहा मैलांवर गचके देऊन गप्प होई. "ह्यो जाग्याचा धनी हाय," असं सांगून केरू पुढच्या बाकावर फुकट बसून फिरू लागला. नारळ फुटे, पाव तास मंत्र चाले आणि मोटार खरंच सुरू होई!

आज मात्र मागच्या बाकावर दोन दिवस अडलेली गोदा होती. तिचा नवरा काशीराम तिला धरून बसला होता. मुलींच्या शाळेच्या दमयंतीबाईंनी गावाशी भांडून तिला इस्पितळात न्यायला काढलं होतं.

"बाळंतपनाचा इटाळ!" केरू घुमू लागला. "म्होटरी, बोल! कोंबडा का बोकड?"

मोटार बोलली नाही. केरूच बोलला, "बोकड."

"आनतो, आत्ता आनतो," म्हणत काशीराम उठला.

"खाली बसा!" बाई ओरडल्या. वाटेत गोदाचं बरंवाईट झालं तर बोल आपल्यालाच लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "आत्माराम, पेट्रोल आहे?"

"टाकी भरलेली हाय, बाई."

"मग यंत्रापर्यंत येतंय का बघा."

आत्मारामनं नळी सोडवली. दोन थेंब ठिबकले आणि थांबले.

बाईंनी टाकी पाहिली. झाकणावर बोटभर शेंदूर थापलेला.

"हे काय?"

"दर खेपेला केरू नवा थर देतो."

"आणि याच्याखाली?"

"बारीकसं भोक हाय..." आत्माराम बोलता बोलता थांबला.

बाईंना घरचा रॉकेलचा डबा आठवला. एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं. वारा आत शिरायला दुसरं लागतंच. त्यांनी अंबाड्यातला आकडा उपसला.

"हात लावू नगा! डोळं जातील!" केरू किंचाळला.

बाईंनी शेंदूर खरवडून भोकात आकडा घातला. सुस्स करून वारा आत गेला आणि नळीला धार लागली. आत्मारामनं नळी जोडून हॅण्डल मारलं. मोटार धडधडली. केरू तेवढा खाली राहिला.

दुपारी गोदाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

परतताना बाईंनी त्याच जागी मोटार थांबवली. माणसं जमली. बाईंनी त्यांना झाकणाचं भोक दाखवलं.

"मग मंतरानं कशी चालायची?" एकानं विचारलं.

"पाव तासात झाकणाच्या फटींतून थोडा वारा आत शिरायचा. शेंदूर तडकला त्या दिवशी तर गाडी अडायचीच नाही. मंत्र म्हणा, नाहीतर गप्प बसा, वाऱ्याला काही फरक पडत नाही. देवाला हात जोडायचे तर खुशाल जोडा. पण गाडी अडली तर गाडी बघा, आणि बाई अडली तर डॉक्टर बघा."