पाठमोरी पंगत

उद्या सासूबाई परत जाणार होत्या, आणि त्याआधी एकदा तरी त्यांना चारचौघांत बसून गरम जेवताना पाहायचं, एवढीच उत्कर्षाची इच्छा होती.

बापूराव आणि वेणूबाई वाशीमकडच्या गावाहून लेकाच्या, सुदर्शनच्या, कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आले, त्याला आठवडा होत आला होता. आठवडाभर वेणूबाईंनी सगळ्यांना वाढलं, आग्रह केला, पोळीवर तूप ओतलं, आणि सगळे उठले की स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून गारढोण भाजी खाल्ली. "आई, बसा ना आमच्याबरोबर," म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "बसतो ना बाई. तुमचं होऊ द्या." नवऱ्यादेखत घास तोंडात घालायचा नाही, असं त्यांच्या सासूनं लग्नाची हळद उतरायच्या आधीच सांगितलं होतं. सासू कधीच गेली. तिचं सांगणं मात्र घरातल्या जुन्या पाटासारखं मागे राहिलं. कुणी वापरा म्हणत नाही, कुणी उचलून ठेवत नाही.

उत्कर्षा पक्की पुण्याची. तिनं हेही चालवून घेतलं असतं. पण काल सहा वर्षांच्या सृष्टीनं आपलं ताट सरकवलं आणि म्हणाली, "बाबा नि आजोबा आधी. मी आजीसारखी नंतर जेवणार. मुलगी आहे ना मी."

सुदर्शन हसला. उत्कर्षाला हसू आलं नाही.

हॉटेलात ओटा नसतो, असा तिनं हिशेब केला. तिथं जाऊन लपणार कुठे? म्हणून आज, रविवारी, सगळ्यांना गाडीत घालून कात्रजचं प्राणिसंग्रहालय, आणि तिथूनच बाहेर जेवण.

प्राणी छान दिसले. वाघ झोपला होता, साप त्याहून झोपले होते, पण हत्तीनं कान हलवून सगळ्यांची भरपाई केली. परतताना वेणूबाईंनी गाडीतच ओवी जुळवली, कारण त्यांना काही आवडलं की ते गळ्यातून आल्याशिवाय राहत नसे.

"हत्ती बाई पाहिला गं कात्रजच्या माळावर,
सोंड त्यानं ठेवली गं लेकराच्या गालावर."

"आजी, तो तर किती लांब होता!" सृष्टी म्हणाली.

"ओवीत जवळ येते तो," वेणूबाई म्हणाल्या.

आता भुकेची वेळ झाली. सुदर्शननं फोनमध्ये बघून ठेवलं होतं, "फॅमिलीसाठी एकदम बेस्ट, लोकांनी भरभरून लिहिलंय." गाडी थांबली. पाटी भली मोठी होती, फॅमिली रेस्टॉरंट. त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, परमिट रूम. फॅमिलीनं जिन्यानं वर जायचं होतं, आणि जिन्यापाशी एक गृहस्थ खांबाला मिठी मारून उभे होते.

बापूरावांनी पाटी सावकाश वाचली. "म्हंजे फॅमिली वर, अन् फॅमिलीचा मालक खाली?"

"चला बाबा, दुसरीकडे जाऊ," सुदर्शन म्हणाला.

दुसरीकडे झोपाळा होता, घसरगुंडी होती, भिंतीवर रंगीत जिराफ होता. सृष्टी आत शिरताच घरची झाली. पण खुर्च्या अशा उंच, की पाय जमिनीला लागेनात. वेणूबाईंनी एकीवर हात ठेवून पाहिलं. "हे बसाले आहे का चढाले?" मेनूकार्डात पास्त्याचे नऊ प्रकार निघाले आणि भाकरीचा एकही नाही. सृष्टीला घसरगुंडीवरून अक्षरशः सोलून काढावं लागलं.

तिसरी जागा त्यांना फोननं नव्हे, वासानं सापडली. सातारा रस्त्यावरचा साधा थाळीचा हॉल, बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ताटकळलेली कुटुंबं. गल्ल्यावरच्या माणसानं नाव लिहून घेतलं.

"किती वेळ लागेल?" उत्कर्षानं विचारलं.

"आतले उठले की."

"आतले कधी उठतील?"

"त्यांना मी घाई करत नाही. तुम्हालाही करणार नाही."

उत्कर्षाला माणूस आवडला.

आत मात्र टेबल भिंतीलगतचं, बसायला ऐसपैस, खुर्च्या पाय जमिनीला टेकतील अशा. ताटं आली. वाढपी एकामागून एक येऊ लागले, कोशिंबीर, बटाट्याची भाजी, भरलं वांगं, वरण, कढी, फुलके. बापूरावांना भाकरी मिळाली. वेणूबाई बसल्या. हो, बसल्या! उत्कर्षानं टेबलाखालून सुदर्शनचा पाय दाबला.

आणि तेवढ्यात वेणूबाई उठल्या. वाढप्याच्या हातातलं वांग्याचं भांडं त्यांनी कधी घेतलं ते त्यालाही कळलं नाही. "यांना रस्सा पायजे," म्हणत त्या नवऱ्याच्या ताटावर वाकल्या.

"आजी, ते माझं काम आहे," वाढपी म्हणाला.

"तुले यांचं माहीत नाई, बाप्पा."

भांडं परत गेलं, पण वेणूबाईंचं ताट तसंच राहिलं. पदर सावरून, हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. फुलक्याची वाफ विरली.

"आई, जेवा ना. हॉटेल आहे हे. इथे कोण बघतंय?" उत्कर्षा म्हणाली.

"माह्यं पोट भरलं बाई. तुमचं होऊ द्या."

"माझं पण भरलं," सृष्टी म्हणाली आणि तिनं ताट पुढे ढकललं. तोंड भुकेनं एवढंसं झालं होतं. "मी आजीबरोबर. नंतर."

"सृष्टी, जेव गुपचूप," सुदर्शन म्हणाला.

"नाही. मुली नंतर."

वेणूबाई नातीकडे पाहत राहिल्या. आपल्याच आवाजात दुसरं कुणी बोललं की माणूस दचकतं, तशा दचकल्या. हात फुलक्यापाशी गेला. समोर बापूराव होते. हात परत आला. डोळे भरले, आणि उत्कर्षाला वाटलं, आपण हा कसला बेत केला! ओट्यापाशी निदान ही बाई सुखानं दोन घास तरी खात होती.

बापूरावांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. बायकोकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. मग उठले, खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड करून बसले, आणि मागं हात करून म्हणाले, "सुदर्शन, माह्यं ताट दे मांडीवर."

"बाबा, काय हे?"

"दे म्हन्लं ना."

वाढपी धावत आला. "आजोबा, टेबल इकडे आहे!"

"मले दिसते टेबल. वावरात आमी असंच मांडीवर घेऊन जेवतो. तू कढी वाढ."

शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. बापूरावांची पाठ मात्र मेंढीच्या पाठीसारखी शांत. ते भिंतीला म्हणाले, "अवं, आता जेव. लेकरू उपाशी आहे."

वेणूबाईंनी फुलका मोडला. वांग्यात बुडवला. तोंडात घातला. लगेच सृष्टीनंही.

वाढपी बापूरावांच्या मांडीवरच्या ताटात कढी वाढून गेला.

"वांगं कसं आहे?" पाठीनं विचारलं.

वेणूबाईंनी घास पुरता गिळला. "तिखट कमी आहे."

"माह्या ताटात तर बरं लागलं."

"तुमाले सारंच बरं लागते."

सृष्टी खुदकन हसली. वेणूबाईही हसल्या, तोंडावर पदर धरून. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. "अजी, कढी सांडून राह्यली धोतरावर!"

"सांडू दे."

"धुवाचं कोनाले आहे? वळा इकडे."

बापूरावांनी मांडीवरचं ताट सावरलं. "वळू?" त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न कढीचा नाही हे टेबलावरच्या सगळ्यांना कळलं. सृष्टीलासुद्धा.

वेणूबाईंच्या बोटांत घास तसाच होता. त्यांनी तो खाली ठेवला नाही. "वळा ना," त्या म्हणाल्या. "मी जेवून राह्यलो."

खुर्ची करकरत फिरली. बापूरावांनी ताट टेबलावर ठेवलं आणि बायकोकडे न पाहता मीठ शोधू लागले. वेणूबाईंनी मान जरा वाकडी केली, कान लाल झाले, पण घास तोंडात गेला. मग दुसरा गेला. तिसऱ्याला बापूरावांनी मिठाची वाटी सापडली असं ठरवलं आणि डोळे वर केले. वाढपी फुलक्यांची चळत घेऊन आला आणि सवयीनं आधी पुरुषांकडे वळला.

"इकडे आन," वेणूबाई म्हणाल्या. "वरचा गरम वाला दे मले."

उत्कर्षा हाताच्या मुठीवर हनुवटी टेकवून हे सगळं डोळ्यांत साठवत होती. वेणूबाईंनी चावता चावता तिच्या ताटाकडे बोट केलं. वरण साय धरून बसलं होतं, फुलका कडेनं वळला होता, आणि त्याला अजून बोटही लागलं नव्हतं.

"अन् तू काऊन थांबली गं?"

उत्कर्षानं ताटाकडे पाहिलं. सासूचं झालं की मग, असंच चाललं होतं तिचंही.

"नाही थांबले, आई," ती म्हणाली, आणि वाढप्यापुढे ताट धरलं.