उपाशी बाटल्या

तालुक्याचं नाव समुद्रपूर, पण नानाजी ढिवरांच्या घरी समुद्र आला तो थर्माकोलच्या पेटीतून. त्यांची रुपा रत्नागिरीला समुद्राच्या पाण्यावर संशोधन करते. पाणी भरून ती होडीतून उतरते न उतरते तोच फोन आला, की आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, सेवाग्रामला ऑपरेशन आहे. तिथेच ठेवलं असतं तर पाणी वाया गेलं असतं, म्हणून तिने ते सोबतच आणलं. पेटीत मासे असतील म्हणून शेजारी आशेने डोकावले आणि हिरमुसून परत गेले.

अंगणात कडुनिंबाखालच्या टाक्यात नऊ बाटल्या मांडून तिने वडिलांना सगळं समजावलं. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात. नद्या-खाड्यांतून खत वाहून येतं त्यावर त्या वाढतात, आणि कोणतं खत आलं त्यावर कोणती जात माजणार ते ठरतं. तीन बाटल्यांत तिने नत्र आणि स्फुरद घातलं. आणखी तिघींत त्याच्या जोडीला सिलिका, कारण काही जातींना काचेसारखं कवच बांधायला ती लागते. उरलेल्या तिघींत तुलनेसाठी नुसतं समुद्राचं पाणी. नानाजींनी बाटल्या रोज हलवायच्या, बस. त्यांत काही घालू नका, हे सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. ती दवाखान्यात आईजवळ निघून गेली.

नानाजींचं आयुष्य गावतलावावर गेलेलं. माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडण्याआधी तलावात शेणखत कालवायचं आणि कोपरापर्यंत बुडवलेल्या हाताचा तळवा दिसेनासा झाला, की पाणी तयार झालं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. नितळ पाणी म्हणजे उपाशी पाणी. इकडे सहा बाटल्या रंग धरू लागल्या, तीन हिरवट, तीन सोनेरी तपकिरी. बाकीच्या तिघी मात्र कोऱ्याच्या कोऱ्या. त्यांना हलवताना म्हाताऱ्याचा जीव तुटायचा. पंगतीत सहा जणांना वाढायचं आणि तिघांना रिकाम्या पत्रावळीवर बसवून ठेवायचं, ही कुठली रीत? एका सकाळी त्यांनी शेण पाण्यात कालवलं, धुतलेल्या फडक्यातून गाळलं आणि तिघींना सारखंच वाढलं. दुजाभाव केला नाही. मग समाधानाने चहा प्यायले.

रुपा कपडे बदलायला घरी आली तेव्हा त्या तिघीही रंगल्या होत्या. ती टाक्यापाशी उकिडवी बसली ती उठेचना. मग छोटा मायक्रोस्कोप काढला, थेंब पाहिला, पुन्हा पाहिला, आणि लहानपणी नाचायची तशी अंगणभर नाचली. खत न घालता पाणी फुललं होतं. असं आजवर तिच्या एकाही प्रयोगात झालं नव्हतं. फोटो पाहून तिचे सरही चक्रावले. संध्याकाळी सविस्तर बोलू, उद्याच्या बैठकीत तुझ्या नावाने मांडतो, म्हणाले.

नानाजींनी हे सगळं ऐकलं. ते तलावावर गेले, तसेच परत आले. जाळं उसवलेलं नसताना शिवायला बसले आणि बोटात सुई टोचून घेतली. सांगावं, तर प्रयोग वाया, आणि पावसाळ्यात होड्या बंद व्हायच्या आत पोरीला नवं पाणी आणायला तडक निघावं लागणार. परवा तिच्या आईला, वच्छलाबाईंना, दवाखान्यातून सोडणार होते, आणि लेकीचा हात धरूनच घरी जाईन, असं त्या शेजारच्या खाटेवरच्या बायांना चारदा सांगून बसल्या होत्या. न सांगावं, तर कोणाला काय कळणार आहे? शेणपाणीच तर होतं. पण पोरगी ते खोटं आपल्या नावावर चारचौघांत सांगणार, तेही खरं समजून. ते पुन्हा उठले, पुन्हा बसले. दिवेलागणीला रुपाने फोन हातात घेतला आणि त्यांना राहवेना.

"रुपा, सरले फोन नको लावू. त्या तिघींले मी शेणपाणी पाजलं."

तिला आधी थट्टाच वाटली. मग त्यांचा चेहरा दिसला.

"काऊन, बाबा?"

"बाकीच्या जेवून राह्यल्या होत्या. या तिघी नुसत्या पाहून राह्यल्या होत्या. मले पाहवलं नाई."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने सरांना फोन लावून झालं ते सगळं सांगितलं, पलीकडून जे ऐकायचं ते ऐकून घेतलं, आणि मग दवाखान्यात जाऊन आईची समजूत घातली. वच्छलाबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जामच्या चौकात वर्ध्याच्या बसची वाट बघत बापलेक उभे होते. नानाजींनी भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. नजर मात्र सडकेवर.

"पाणी घेऊन येतो, बाबा," रुपा म्हणाली. "आईपाशी राहाच लागन, म्हणून बाटल्या इथंच ठेवतो. हलवाच्या तुमालेच. पण या खेपी त्या तिघी उपाशी राह्यल्या पाह्यजे. जमते का?"

नानाजींना वाटलं होतं, आता ती त्यांना बाटलीला बोटही लावू देणार नाही.  बस आली, तिने पेटी चढवली. ती खिडकीशी बसली तेव्हा ते जवळ गेले.

"जमवतो," ते म्हणाले. "फक्त घराच्या मांगं ठेवजो. मले जेवताना दिसू नये."