अमावस्या सरेपर्यंत

चारठाण्यात त्रिवेणीला सकाळी नऊला कळा सुरू झाल्या. नवरा शिवप्रकाश पूर्णेला रेल्वेत ड्युटीवर होता. घरात ती आणि सासू चन्नबसम्मा, दोघीच. सासूनं कॅलेंडर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आज अमावस्या हाय. साडेचारला सरती. तवर दम धर."

"कळा माझ्या हातात हायत का, आत्याबाई?"

 चन्नबसम्मानं सुनेला आडवं केलं, दाराला आतून कडी घातली आणि गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून उशाशी बसली.

अकराच्या सुमारास त्रिवेणीच्या लक्षात आलं, दिवसभर लाथा मारणारं लेकरू सकाळपासून हललंच नव्हतं. तिनं पोट एका बाजूनं दाबलं, दुसऱ्या बाजूनं दाबलं. काहीच नाही.

"आत्याबाई, लेकरू हालंना झालंय!"

"माजा पयला असाच अमावस्येला झाला," म्हातारी पुटपुटली. "रडलाच न्हाई. म्हणून भ्या वाटतंय गं."

"दवाखान्यात गेलता का तुमी?"

"न्हाई. कळा सकाळीच आल्त्या. सासू म्हणली, अमावस्या सरू दे. मी पाय आवळून पडून राह्यले. दिवस मावळायला..."

 ती सुनेच्या आवळलेल्या पायांकडे बघत राहिली. मग एकदम उठली, कडी काढली आणि अनवाणीच गावातली आशा कार्यकर्ती धम्मशीला हिच्या घराकडे पळत सुटली.

ॲम्ब्युलन्स अर्ध्या तासानं आली. जिंतूरपर्यंत धम्मशीला त्रिवेणीच्या पोटावर हात ठेवून बसली होती आणि त्रिवेणी सारखी विचारत होती, "लागलं का काही हाताला? ताई, लागलं का?" धम्मशीला ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, जरा जोरात घ्या."

जिंतूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकले आणि लगेच ऑपरेशनला घेतलं.

बाहेर चन्नबसम्मा भिंतीला टेकून उभी होती. दाराची उघडझाप झाली की ती पुढं सरकायची. पाऊण वाजता आतून बारीक, चिरका आवाज आला. तो थांबला. मग पुन्हा आला, चांगला मोठ्यानं.

नर्स बाहेर आली. "मुलगी झाली. गळ्याला नाळेचे दोन वेढे होते. वेळेवर आणलंत. दोघी बऱ्या हायत."

धम्मशीला हसली. चन्नबसम्मा मात्र तिथंच खाली बसली.

"ताई," तिनं हळूच विचारलं, "त्या टायमाला मी गेले असते, तर माजं लेकरू वाचलं असतं का?"

 धम्मशीला तिच्या शेजारी फरशीवर बसली.